हरिहरेश्वरी चार दिवस

घाटावर स्थायिक झालेल्या कोकणस्थ घराण्यांत कुलदैवताचे नाव सर्वांस ठाऊक असते, परंतु कुलदैवताचे गाव पाहिलेली माणसे फार थोडी. घरात मुंज झाली, लग्न झाले, की 'देवाला जाऊन यायला हवे' हे वाक्य एकदा निघते. मग कोणाची परीक्षा असते, कोणास रजा नसते, आणि अभिषेकाचे पैसे धाडून मंडळी मोकळी होतात. आमच्या घरचा बेत असाच सहा वर्षे लोंबकळत होता. तो गेल्या मार्गशीर्षात तडीस गेला, त्याचे श्रेय आमच्या थोरल्या काकूंस. काकांचे वर्षश्राद्ध झाल्यावर श्रीवर्धनच्या सामाईक वाडीच्या विक्रीचा विषय निघाला व कागद काकूंपुढे ठेवण्यात आला. त्यांनी तो वाचला, घडी करून परत दिला, आणि म्हणाल्या, "सही हवी ना? आधी मला हरिहरेश्वराला न्या. प्रदक्षिणा होऊ दे. मग वाडी दाखवा. सहीचं त्यानंतर बोलू."

पंचाहत्तरी ओलांडलेल्या माणसाने अशी अट घातल्यावर तीस उत्तर नसते. लहानमोठी अकरा माणसे दोन मोटारींतून पुण्याहून निघालो.

पुण्याहून जावयाचे तर ताम्हिणी घाट उतरून माणगावास यावे आणि तेथून म्हसळ्यावरून हरिहरेश्वर गाठावे. मुंबईकरांसही माणगावावरूनच सोयीचे पडते. कोकण रेल्वेचे स्थानक तेथे आहे व पुढे एस. टी. मिळते. माणगावापासून सुमारे साठ किलोमीटर अंतर उरते, पण ते वळणाचे आहे. ज्यांस मोटार लागते त्यांनी म्हसळ्यापर्यंत पोटात फार काही घालू नये. पूर्वी मुंबईहून किनाऱ्याकिनाऱ्याने आगबोटी जात. पावसाळ्यात त्या बंद असत, आणि बंदरास धक्का नसला तर भर समुद्रात बोट उभी राहून उतारूंस पडावात उतरावे लागे. काकू १९६९ साली नवी नवरी म्हणून आल्या त्या अशाच. पडावात उतरताना त्यांची एक वहाण समुद्रात पडली, ही कथा घाट उतरेपर्यंत आम्ही तीनदा ऐकली.

हरिहरेश्वर हे गाव सावित्री नदीच्या मुखाच्या उत्तरेस, रायगड जिल्ह्याच्या किनाऱ्याच्या अगदी दक्षिण टोकाशी आहे. खाडीच्या पलीकडे बाणकोट, म्हणजे रत्नागिरी जिल्हा. हरिहरेश्वर, हर्षिणाचल, ब्रह्माद्री आणि पुष्पाद्री अशा चार टेकड्यांच्या कुशीत वस्ती आहे. देवळामागची टेकडी सरळ समुद्रात घुसलेली असून तिच्या दोन्ही अंगांस पुळणी आहेत. शनिवार-रविवार सोडले तर गावात गडबड नाही. संध्याकाळी पुळणीवर माणसांपेक्षा समुद्रपक्षीच अधिक. घरोघरी उतरण्याची व जेवणाची सोय होते. मात्र जेवण सकाळीच सांगून ठेवावे लागते. आयत्या वेळी गेल्यास यजमानीण नाही म्हणत नाही, पण तिची तारांबळ उडते, आणि ती उडू नये अशीच तिच्या हातची सोलकढी होती.

येथे दर्शनाचा क्रम ठरलेला आहे. प्रथम कालभैरव, मग हरिहरेश्वर, आणि पुन्हा कालभैरव. कालभैरवाच्या शेजारी योगेश्वरी आहे. अंबेजोगाईची योगेश्वरी ज्यांची कुलस्वामिनी, त्या आमच्यासारख्यांस येथेही तिची ओटी भरता येते. हरिहरेश्वराच्या गाभाऱ्यात ब्रह्मा, विष्णू, महेश आणि पार्वती अशी चार लिंगे मानतात. हरी आणि हर एका नावात आले, त्यांत ब्रह्मदेवासही जागा मिळाली, आणि देवीस वगळले नाही, ही गोष्ट आमच्या सूनबाईंस विशेष आवडली. कालभैरवापाशी बाधा झालेली म्हणून आणलेली माणसेही दिसतात. सुशिक्षितांनी तेथे नाक मुरडण्याचे कारण नाही. ज्या बाईस घरात कोणी चार शब्द बोलू देत नाही, तिचे ऐकून घेणारे एक ठिकाण तेथे आहे, इतके आम्हांस दिसले. औषधोपचार मात्र त्यासाठी थांबवू नयेत.

दर्शन झाल्यावर प्रदक्षिणा, आणि येथेच पेच आला.

इतर क्षेत्री प्रदक्षिणा देवळाभोवती असते. येथे ती सबंध टेकडीस घालावयाची. देवळामागून पायऱ्या चढाव्या, माथा ओलांडून पलीकडे उतरावे, तो दोन कड्यांमधील अरुंद घळीतून वाट एकदम समुद्राशी येते. ह्या घळीस गणेशगल्ली म्हणतात. तेथून पुढे उजव्या हातास टेकडीचा कडा, डाव्या हातास समुद्र, आणि पायांखाली लाटांनी तासलेला खडक, अशी वाट देवळाच्या दुसऱ्या अंगास येऊन मिळते. हा खडकाचा पट्टा ओहोटीत उघडा असतो व भरतीत पाण्याखाली जातो. कड्याला लागून चढण्यास दुसरी जागा नाही. म्हणून भरतीत वाटेवर सापडलेल्या माणसास मागे जाता येत नाही व पुढेही जाता येत नाही. येथून माणसे वाहून गेलेली आहेत, आणि ती बहुधा ह्याच समजुतीने गेली की पाणी अजून लांब आहे.

आमचे दर्शन साडेनऊस आटोपले. त्या दिवशी मार्गशीर्ष शुद्ध चतुर्दशी. काकूंचा निश्चय असा की, प्रदक्षिणा झाल्यावाचून अन्न घ्यावयाचे नाही. त्या पायऱ्यांकडे वळल्या. उपाध्यायांनी त्यांस अडविले.

"आजी, आता नाही. साडेदहाला पूर्ण भरती आहे, आणि पुनव उद्यावर. उधाणाचं पाणी आहे."

"गुरुजी, मी ह्यांच्याबरोबर गेले आहे इथून. माहीत आहे मला वाट."

"वाट माहीत आहे हो. पाण्याला तुम्ही माहीत नाही."

काकू काही बोलल्या नाहीत, पण बसल्याही नाहीत. उपाशी राहून मधुमेहाची गोळी घ्यावयाची नाही, आणि गोळी चुकवावयाचीही नाही, हे आम्हां सर्वांस ठाऊक होते. पुतण्यांपैकी एकाने, जाऊन लवकर परत येऊ, असेही सुचविले. तो विचार तेथेच थांबला, कारण आमचे चिरंजीव माथ्यापर्यंत जाऊन पाहून आले व म्हणाले की घळीच्या तोंडाशी पांढरा फेस आहे, वाट नाहीच. अखेर तोड उपाध्यायांनीच काढली. उपोषणास फलाहार चालतो, देवाच्या प्रसादास तर कोणताच नियम आड येत नाही, असे सांगून त्यांनी केळी, दूध व प्रसादाचे खोबरे काकूंपुढे ठेवले. काकूंनी ते घेतले, गोळीही घेतली, आणि देवळाच्या ओसरीवर साडेचार वाजेपर्यंत जप करीत बसल्या. त्यांचा हट्ट पुरा झाला व जीवही सांभाळला गेला. शास्त्र जाणणारा आणि समुद्र जाणणारा मनुष्य एकच असला, म्हणजे असे होते.

भरतीची वेळ उपाध्यायांनी पंचांगावरून काढली होती. ही रीत किनाऱ्यावर सर्वत्र माहीत आहे, घाटावर कोणास नसते. म्हणून येथे देतो. त्या दिवसाच्या तिथीची पाऊणपट करावी, जो आकडा येईल तितक्या वाजता भरती पूर्ण होते. चतुर्दशीस चौदाची पाऊणपट साडेदहा. अष्टमीस आठाची पाऊणपट सहा. एकादशीस सव्वाआठ. वद्य पक्षात पुन्हा प्रतिपदेपासूनच मोजावे. भरतीनंतर सुमारे सव्वासहा तासांनी पूर्ण ओहोटी येते, आणि पुढे तितक्याच वेळाने पुन्हा भरती. पौर्णिमा व अमावास्या ह्यांच्या सुमारास पाणी सर्वांत वर चढते व सर्वांत खाली जाते, त्यास उधाण म्हणतात. अष्टमीच्या सुमारास चढउतार कमी असतो, तो भांग. हा हिशेब मुंबई-कोकणच्या किनाऱ्यापुरता आहे, आणि त्यात पाऊण तासापर्यंत फरक पडू शकतो. चिरंजिवांनी भ्रमणध्वनीवर वेळापत्रक काढून ताडा पाहिला, तो फरक थोडक्या मिनिटांचा निघाला. तरीही शेवटचा शब्द गावकऱ्याचा मानावा. वारा कोणत्या अंगाचा आहे, हे पंचांगात लिहिलेले नसते.

साडेचारास पाणी दूर गेले होते. काकूंस दोन्ही बाजूंनी हात देऊन आम्ही घळ उतरलो. उतार उभा आहे, पायऱ्या ओल्या असतात. गुडघे दुखणाऱ्यांनी हा भाग मनाशी नीट तोलून पाहावा. खाली खडकावर शेवाळ असते, म्हणून चामडी वहाणा काढून अनवाणी चालावे, किंवा रबरी तळाची पायताणे घालावी. मुलांचे हात सोडू नयेत.

ह्या खडकाचे वर्णन करणे कठीण आहे. सबंध कडा मधाच्या पोळ्यासारखा जाळीदार झालेला आहे. कोठे वीतभर खोल कप्पे, कोठे बोट जाईल एवढी भोके, आणि मधल्या भिंती कागदासारख्या पातळ. कोणी कारागिराने कोरले असते तर इतकी चिकाटी त्याच्याच्याने झाली नसती. कारण साधे आहे. लाटांचे तुषार खडकाच्या सूक्ष्म छिद्रांत शिरतात, उन्हाने पाणी उडून जाते, मीठ मागे राहते. मिठाचे स्फटिक वाढू लागले की ते खडकाचे कण आतून ढकलून सैल करतात. एकदा खळगा पडला की त्यात पाणी अधिक काळ टिकते, म्हणून तो आणखी खोल होतो. भिंती लवकर वाळतात, म्हणून त्या उरतात. सह्याद्री ज्या लाव्हाचा झाला, त्याच काळ्या पाषाणावर समुद्राने हे काम केले आहे, आणि आजही चालू आहे. वाटेत गायत्रीतीर्थ, शुक्लतीर्थ, नागतीर्थ, विष्णुपद अशी ठिकाणे दाखवितात. काकूंनी प्रत्येक ठिकाणी पाणी डोळ्यांस लावले. एके जागी त्या जरा अधिक थांबल्या. आम्ही कारण विचारले नाही. सूर्य खाली येत होता, आणि दुसऱ्या अंगाची पुळण दिसू लागली होती.

जेवण त्या रात्री आठ वाजता झाले. काकूंनी मोदक दोन खाल्ले. आम्ही पाहिले, पण बोललो नाही.

दुसऱ्या दिवशी श्रीवर्धन. हे सुमारे वीस किलोमीटर आहे. पेशव्यांचे मूळ गाव म्हणून शाळेत सर्वांनी हे नाव पाठ केलेले असते. भटांकडे येथली देशमुखी होती आणि हरिहरेश्वर त्यांचे कुलदैवत. जंजिऱ्याच्या सिद्दीशी वितुष्ट आल्यामुळे बाळाजी विश्वनाथांस गाव सोडावे लागले. त्यांचे बंधू जानोजी ह्यांस सिद्दीने पोत्यात घालून समुद्रात बुडविले, अशी कथा सांगतात. परागंदा झालेला हा मनुष्य १७१३ साली शाहू छत्रपतींचा पेशवा झाला. मौज अशी की, ज्या घराण्याने पुढे पुण्यात बसून दिल्लीच्या उलाढाली केल्या, त्याचे हे मूळ गाव १९४८ साली विलीनीकरण होईपर्यंत जंजिरा संस्थानातच मोडत असे. आज गावात पेशव्यांचे स्मारक आहे. लक्ष्मीनारायणाची मूर्ती आवर्जून पाहण्यासारखी आहे. तिची घडण दाक्षिणात्य आहे, इकडच्या मूर्तींसारखी नव्हे. ग्रामदेवता सोमजाई. पुळण लांब व सपाट आहे, मुलांस पळावयास चांगली.

पण आमचे काम वाडीत होते.

श्रीवर्धनची रोठा सुपारी प्रसिद्ध आहे. समुद्राजवळच्या रेताड जमिनीत, विहिरीचे पाणी पाटाने खेळवून ह्या पोफळी वाढवितात. पोफळ हे झाड सरळसोट, बुंधा मांडीएवढाही नाही, आणि मुळे खोल जात नाहीत. त्याचे रक्षण त्याच्या शेजाऱ्यांकडून होते. दाट वाडीत वारा वरून निघून जातो. परंतु ३ जून २०२० रोजी निसर्ग नावाचे चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर चढले, तेव्हा ताशी शंभर किलोमीटरांहून अधिक वेगाचा वारा होता. एक ओळ पडली की पुढची उघडी पडे. आमच्या अकरा गुंठ्यांत दोनशे दहा पोफळी होत्या, त्यांतील एकोणतीस उभ्या राहिल्या. नारळ सहा पडले. वाडी पाहणारे कुटुंब तीन दिवस घराबाहेर येऊ शकले नाही, कारण दारापर्यंत झाडेच पडली होती.

ह्या नुकसानीचा हिशेब सांगण्यासारखा आहे. सरकारी मदत आरंभी हेक्टरी पन्नास हजार रुपये होती. शेतास हा हिशेब ठीक. पण कोकणातील वाडी गुंठ्यांत असते व झाडे खेटून असतात. आमच्या अकरा गुंठ्यांस त्या दराने साडेपाच हजार येते. पुढे झाडागणिक मदत ठरली. नारळास अडीचशे आणि सुपारीस पन्नास रुपये. त्या दराने दहा हजार साडेपाचशे. आता ह्यावर सातबाऱ्यावरची नावे सतरा. समान वाटणी केली असती तर माणशी सहाशेवीस रुपये आले असते. ती रक्कम वाटली गेली नाही, रोपांस लागली, आणि तेवढ्यापुरते एकत्र कुटुंब कामास आले.

सुपारीचे झाड लावल्यापासून फळास येईपर्यंत पाच ते सात वर्षे जातात, पुढे ते कित्येक दशके देते. आमच्या पडलेल्या पोफळी आजोबांनी लावलेल्या होत्या. त्यांची जागा घेतलेल्या रोपांस आता पाचवे वर्ष लागले आहे. वाडीत शिरताच पूर्वी जो हिरवा अंधार असे, तो नाही. ऊन थेट जमिनीवर पडते. मधूनमधून त्या एकोणतीस जुन्या पोफळी उंच उभ्या आहेत, त्यामुळे उघडेपण अधिकच डोळ्यांत भरते.

विकण्याची इच्छा लोभाची नव्हती, हे सांगितले पाहिजे. आमच्या धाकट्या चुलतभावाच्या मुलीस वैद्यकीय शिक्षणास प्रवेश मिळाला आहे, आणि त्या शुल्कापुढे त्याचा पगार पुरत नाही. घेणारा गृहस्थ तेथे पर्यटकांसाठी निवास बांधू इच्छितो व त्यास सबंध वाडी हवी. एकाच हिश्शाशी त्यास कर्तव्य नाही. म्हणून काकूंच्या सहीचा आग्रह. एका बाजूस आजोबांची झाडे आणि दुसऱ्या बाजूस नातीचे शिक्षण, असा तो प्रश्न होता, आणि ज्यांनी ह्या बाबतीत मुलीच्या बापास नावे ठेवली असती, त्यांस आम्ही आमच्या घरात बोलू दिले नसते.

काकू विहिरीच्या काठावर बसल्या. वाडी पाहणाऱ्या बाईंनी विरीच्या तुकड्यावर नव्या झाडाची पहिली सुपारी आणून त्यांच्या पुढ्यात ठेवली. सबंध वाडीत तेवढ्या एकाच पोफळीस ह्या वर्षी फळ धरले होते. काकूंनी ती हातात घेऊन भावास जवळ बोलाविले.

"तुला किती हवेत?"

त्याने आकडा सांगितला.

"आणि तुझ्या हिश्शाचे किती येतील?"

तो आकडा पहिल्याच्या निम्म्याहून थोडा अधिक होता.

"मग वाडी विकूनही तुझं भागत नाहीच. तुझा हिस्सा आम्ही घेतो. त्याने देऊ केलेल्याच भावाने. माझ्या पाटल्या आहेत त्या घे, बाकीचं हे बघतील." हे म्हणजे आम्ही.

भाव त्या गृहस्थाचाच धरला, हे काकूंचे करणे आम्हांस फार योग्य वाटले. घरातल्या घरात घेताना भाव पाडण्याची जी रीत असते, तिनेच भाऊबंदकी माजते. रक्कम दोन हप्त्यांत देण्याचे ठरले. दुसऱ्या हप्त्यासाठी आम्हांस कर्ज काढावे लागेल, आणि ह्याविषयी आमच्या घरात सर्वजण एकमताने आनंदी आहेत असे लिहिले तर ते खरे होणार नाही. उरलेल्या रकमेसाठी मुलीस शिक्षणकर्ज मिळण्याची खटपट चालू आहे. पाटल्यांविषयी भावाने अद्याप हो म्हटलेले नाही.

तिसरे दिवशी दिवेआगरास गेलो. श्रीवर्धनाहून शेखाडीवरून जाणारा रस्ता समुद्राच्या अगदी कडेने आहे, आणि सबंध प्रवासातील तो सर्वांत सुंदर भाग. १९९३ च्या मुंबईतील स्फोटांसाठी आणलेली स्फोटके ह्याच शेखाडीस उतरली होती, हे इतक्या निवांत किनाऱ्याकडे पाहून मनास पटत नाही. दिवेआगर हे गाव जुने. येथे सापडलेला शके ९८२ चा ताम्रपट मराठीच्या अगदी आरंभीच्या लेखांपैकी एक मानतात. सामान्य यात्रेकरू मात्र येतो तो गणपतीसाठी. नोव्हेंबर १९९७ मध्ये एका पोफळीच्या वाडीत खणताना तांब्याची पेटी लागली व तीत गणपतीचा सोन्याचा मुखवटा निघाला. त्यामुळे गावाचा भाग्योदय झाला. मार्च २०१२ मध्ये दरोडा पडला, दोन पहारेकऱ्यांचा जीव गेला, आणि मुखवटा चोरांनी वितळवून टाकला. हस्तगत झालेल्या सोन्यातून पुन्हा घडविलेला मुखवटा नोव्हेंबर २०२१ मध्ये बसविण्यात आला. काकूंनी देवापेक्षा अगोदर त्या दोघा पहारेकऱ्यांची चौकशी केली.

परतीच्या दिवशी आम्ही आल्या वाटेने गेलो नाही. हरिहरेश्वराहून थोड्याच अंतरावर बागमांडले आहे. तेथून फेरीबोट मोटारींसकट खाडी ओलांडून पलीकडे वेशवीस उतरविते. मुलांस ह्यापरते सुख नव्हते. पलीकडे बाणकोटचा किल्ला लागतो, आणि पुढे वेळास, म्हणजे नाना फडणिसांच्या भानू घराण्याचे गाव. बाळाजी विश्वनाथ श्रीवर्धन सोडून निघाले तेव्हा भानू त्यांस येऊन मिळाले ते येथूनच. आज वेळास कासवांसाठी अधिक प्रसिद्ध आहे. हिवाळ्यात माद्या रात्री पुळणीवर येऊन वाळूत अंडी घालतात. पूर्वी ती अंडी माणसे व कोल्हे उकरून नेत. २००२ पासून निसर्गप्रेमी मंडळींनी व गावकऱ्यांनी मिळून ती जाळीच्या कुंपणात हलवून राखण्याचे काम चालविले आहे. पिल्ले बाहेर पडली म्हणजे सकाळ-संध्याकाळ त्यांस समुद्रात सोडतात, आणि ती पाहण्यास आता घाटावरून माणसे येतात. आम्ही गेलो तेव्हा कुंपण रिकामे होते. पिल्ले पाहावयाची तर फाल्गुनापासून चैत्रापर्यंत यावे. गावात घरगुती उतरण्याची सोय आहे, मात्र आगाऊ कळवून जावे.